घरदुरुस्तीची हौस आणि स्लॅबचा हिशोब

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात छोट्या कामासाठी मिस्त्री वेळेवर मिळणे कठीण झाले आहे. मिळालाच तर चार भोके पाडायला अर्ध्या दिवसाची मजुरी मागतो. त्यामुळे अनेक घरांत आता स्वतःची ड्रिल मशीन आली असून मोबाईलवर पाहून लोक स्वतःच दुरुस्त्या करू लागले आहेत. ही गोष्ट चांगली आहे. पैसा वाचतो आणि मुलांच्या हाताला कामाचे वळण लागते. मात्र कोणते काम आपले आणि कोणते आपले नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. परंतु दुकान, गोदाम आणि घर सांभाळताना जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

आपल्या हातची कामे

नळाचा वायसर बदलणे, दाराच्या बिजागऱ्या बसविणे, रंग लावणे, भिंतीला फळी किंवा रॅक ठोकणे ही कामे कोणीही शिकू शकतो. रॅक लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भिंतीचे प्लास्टर साधारण अर्धा इंच असते आणि त्यात वजन पेलण्याची ताकद नसते. भोक प्लास्टर ओलांडून विटेत दीड-दोन इंच गेले पाहिजे. जेवढ्या मापाचे बिट तेवढ्याच मापाचा प्लग घ्यावा. प्लग सैल बसला तर रॅक आज ना उद्या खाली येणारच.

वीज हा दुसरा धोका. भिंतीतील वायर बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवी गेलेली असते. बोर्डाच्या त्या रेषेत भोक पाडू नये. घरात ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी नसेल तर ड्रिल मशीन घेण्याआधी वायरमनकडून तो बसवून घ्यावा.

ओल आली तर

पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि आमच्या धंद्यात तर कापडावर डाग पडून माल हातचा जातो. लोक लगेच रंगाचा डबा आणतात. त्याआधी एक सोपी परीक्षा करावी. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतून येत आहे. वरच्या बाजूला जमले तर ती खोलीतील दमट हवेची आहे आणि खिडकी उघडी ठेवल्याने, पंखा लावल्याने काम भागेल. भिंतीतून ओल येत असेल तर गळतीचे मूळ बंद केल्याशिवाय लावलेला रंग टिकणार नाही.

छताचे प्लास्टर पडून आतील सळ्या दिसू लागल्या तर मात्र हात लावू नये. गंजलेली सळी फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. वरून सिमेंट लिंपल्याने फक्त दुखणे झाकले जाते. तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

फरशीचे वजन

आता मुख्य मुद्दा. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळून खालच्या मजल्यांवर गेला आणि सहा जणांचा जीव गेला. त्या वेळी चौथ्या मजल्यावरील घरात फरशीचे काम चालू होते, असे वृत्तांतून पुढे आले. फरशी बदलणे हे आपण घर सजविण्याचे काम समजतो. स्लॅबच्या दृष्टीने तो वजनाचा प्रश्न आहे.

हिशोब साधा आहे. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. जुन्या फरशीवरच दोन इंच माल टाकून नवी फरशी बसविली तर एका चौरस मीटरवर मालाचे सुमारे १०० किलो आणि फरशीचे सुमारे २० किलो वजन वाढते. खोलीभर हिशोब केला तर अकराशे किलो होतात, म्हणजे सिमेंटच्या बावीस गोण्या कायमच्या स्लॅबवर ठेवल्यासारखे. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घरात माणसे आणि सामान यांसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक वाव एकटी फरशीच खाऊन टाकते. किरकोळ दुकानासाठी हाच आकडा ४०० किलो आहे. जे बांधव राहत्या फ्लॅटमध्ये मालाच्या थप्प्या लावतात, त्यांनी या दोन आकड्यांतील फरक ओळखावा.

मार्ग काय? जुनी फरशी घट्ट असेल तर टाइल ॲडेसिव्हच्या पातळ थरावर नवी बसवावी. वजन चौथ्या हिश्शाहून कमी वाढते. काढायचीच असेल तर ब्रेकर मशीन न लावता छिन्नी-हातोड्याने काढावी आणि राबिट रोजच्या रोज खाली उतरवावे. रेती आणि सिमेंट खोलीच्या मध्यभागी साठवू नये. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखविल्याशिवाय यातले काहीच सुरू करू नये. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना तर कोणत्याही इमारतीत छिन्नी लावायची नाही.

३० वर्षे झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. महानगरपालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपली इमारत यांपैकी कशात आहे, हे सोसायटीच्या सचिवाला किंवा प्रभाग कार्यालयात विचारावे.

तपासणीचा खर्च सर्व फ्लॅटधारकांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एका खोलीच्या फरशीपेक्षा कमीच येतो. आपली फरशी ही खालच्या शेजाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर आहे. तेव्हा घरात माल चढविण्याआधी त्याला कळवावे आणि काम काय होणार आहे ते सांगावे.