दोन मांजरींचा समेट

लातूर-नांदेडचा हा पट्टा देवणी आणि लाल कंधारी जनावरांचा. बैलानं वैरणीला तोंड लावलं नाही तरी माणसं उदगीरची वाट धरतात. तिथं १९८७पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सोयाबीनची पोती घरात आली की उंदीर येतात, म्हणून मांजरंही घरोघरी असतात. पण त्यांना कुणी सहसा दवाखान्यात नेत नाही. जळकोटच्या एका माळवदाच्या घरानं नेलं. एकाच वेताच्या दोन बहिणींपैकी भुरीची उदगीरला नसबंदी करून आणली. ती डालग्यातून उतरताच, एरवी तिच्या कुशीत झोपणाऱ्या काळीनं पाठीची कमान केली. कान मागं चिकटले, शेपटी फुलली. फिस्कारून तिनं थेट पंजा उगारला.

घरातल्या आजी म्हणाल्या, "भांडण न्हवं ते. तिला वळखूच यीना गेलंय."

पशुवैद्यही हेच सांगतात. एका घरातली मांजरं एकमेकांना गाल आणि अंग घासतात, त्यातून त्यांचा सामाईक वास तयार होतो. त्यावरून आपलं कोण, परकं कोण ते ठरतं. भुरीच्या अंगाला आता औषधाचा आणि परक्या जनावरांचा वास होता. डोळ्यांना बहीण दिसत असली तरी काळीनं नाकाचं ऐकलं.

भुरीला आतल्या खोलीत ठेवलं. टाक्यांची जखम भरेपर्यंत तिला विश्रांती हवीच होती. मातीचं घमेलं, पाणी, ताटली सगळं वेगळं. आजी रोज जुन्या लुगड्याचा एक तुकडा भुरीच्या गालावरून हलक्या हातानं फिरवायच्या आणि काळीच्या ताटलीखाली अंथरायच्या; दुसरा तुकडा काळीचा, तो भुरीकडं. काळी आधी फडकं हुंगून मागं सरायची. पुढं त्याच फडक्यावर उभी राहून दूधभाकरी खाऊ लागली, तेव्हा दोन्ही ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना आल्या. दोघी शांतपणे खातात हे पाहून त्या रोज थोड्या जवळ सरकवल्या.

मग दार किलकिलं केलं. या टप्प्यावर नजर मांजराच्या डोळ्यांवर ठेवावी लागते. पापणी न हलवता रोखून पाहणं आणि शेपटीचं टोक झटकणं, ही हल्ल्याची पूर्वसूचना. तशी नजर दिसली की आजी दोघींच्या मध्ये सूप उभं धरायच्या. ओरडणं नाही, मारणं नाही. माराच्या भीतीनं मांजर समोरच्या मांजरावरच जास्त चिडतं. हात तर मध्ये घालूच नये. चावा खोल जातो आणि पिकतो. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भेट छोटी ठेवायची आणि दोघी शांत असतानाच संपवायची. घाई केली की पुन्हा बंद दारापासून सुरुवात. एके दुपारी काळीनं भुरीचं कपाळ चाटलं, तरी रात्री आजींनी त्यांना वेगळंच ठेवलं. पुढं दोघी मोकळ्या फिरू लागल्यावरही ताटल्या दोन आणि बसायला उंच जागा दोन राहिल्या.

प्रत्येक मारामारीचं कारण वास नसतं. बोके हद्दीसाठी आणि मादीसाठी भांडतात. तिथं नसबंदीनं बराच फरक पडतो. शांत मांजर अचानक चावू लागलं तर दात, कान किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं. त्याला आधी डॉक्टरांना दाखवावं.

आपल्याकडं मात्र एकच उपाय चटकन सुचतो: एकीला पोत्यात घालून लांब शिवारात सोडणं. तिथं दुसऱ्या मांजरांची हद्द असते, कुत्री असतात आणि घरच्या ताटलीवर वाढलेल्या जिवाला आसरा नसतो. जळकोटच्या या घरात लागलं ते लुगड्याचं फडकं, एक बंद दार आणि रोज थोडा वेळ देणारं माणूस. पोतं हातात घेण्याआधी एवढं तरी करून पाहावं; मुक्या जनावराचा तेवढा हक्क आपल्यावर आहे.