उसाचे इथेनॉल, तळणाचे डिझेल

कोल्हापूरच्या मोटारमालकाला जैवइंधन मिळते ते मुख्यतः पेट्रोलमधून. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीपासून इथेनॉल तयार होते. 2025 साली देशभरात पेट्रोलमधले त्याचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोचले. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला 2024-25 च्या हंगामात लिटरला 65.61 रुपये दर होता आणि त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून पंपावरचा दर उतरत नाही, मायलेज मात्र थोडे घटते. ग्राहकांची ही तक्रार रास्तच आहे.

डिझेल गाडीसाठीचे बायोडिझेल त्याहून दुर्मीळ. 2018 च्या राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत 5 टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले, पण कच्चा माल अपुरा पडतो. वडे-भजी तळून काळे पडलेले तेल त्यासाठी उत्तम. मेथॅनॉल आणि उत्प्रेरक घालून तापवले की ग्लिसरीन तळाशी बसते, वर बायोडिझेल उरते. तेलातील ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेली की ते पुन्हा तळणीला वापरण्यास कायद्याने मनाई आहे. हॉटेलवाल्यांनी असे तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, आणि गाडीवाल्यांनी स्वस्त मिळते म्हणून विनापरवाना बायोडिझेल टाकीत भरू नये. इंजेक्टर बिघडला तर वाचलेले पैसे गॅरेजात जातात.