हाडाला यंत्र लावण्याआधी

चारोळी, टेंभरं किंवा मधासाठी झाडावर चढलेला माणूस घसरतो, खनिजाच्या ट्रकला चुकवताना दुचाकी उलटते. चंद्रपूर-गडचिरोलीत हाड मोडायला मोठं निमित्त लागत नाही. सगळ्यांत जास्त छळते ती नडगी. तिच्या पुढच्या बाजूला कातडीखाली मांस जवळजवळ नसतं, त्यामुळे हाड सहज कातडी फाडून बाहेर येतं, आणि रक्तपुरवठा मुळातच बेताचा असल्याने जुळायलाही वेळ घेतं.

मोडलेल्या टोकांमध्ये रक्त साकळतं, त्या जागी कूर्चा तयार होते आणि मग नवं हाड भरतं. बहुतेकांचं हाड असंच जुळतं. काहींचं मात्र महिने उलटले तरी जुळत नाही. अशा रुग्णाला शहरातला एखादा दवाखाना हाड वाढवणारं यंत्र सुचवतो आणि घरच्यांपुढे खर्चाचा प्रश्न उभा राहतो.

या यंत्रांमागची कल्पना जुनी आहे. १९५७ मध्ये फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी दाखवलं, की वाळलेल्या हाडावर दाब दिला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. मग बाहेरून वीज दिली तर हाड वाढेल का, असा प्रश्न ओघानेच आला. चुंबकीय लहरी सोडणारं वेटोळं रोज काही तास पायावर बांधायचं, अशा यंत्राला न जुळलेल्या हाडासाठी अमेरिकेत १९७९ मध्ये परवानगी मिळाली. १९९४ मध्ये ध्वनिलहरींचं यंत्र ताज्या फ्रॅक्चरसाठी मंजूर झालं. जेल लावून रोज २० मिनिटं ते हाडावर धरायचं. दुखत नाही, टोचत नाही.

उपयोग किती? २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिका-कॅनडातली ध्वनिलहरींच्या यंत्राची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नडगीत रॉड टाकलेल्या ५०१ रुग्णांपैकी काहींना खरं यंत्र दिलं होतं, काहींना हुबेहूब दिसणारं पण बंद. दोन्ही गटांत फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात तज्ज्ञांच्या गटाने ध्वनिलहरींचा हा उपचार वापरू नये, अशी ठाम शिफारस केली. न जुळलेल्या जुन्या हाडासाठी काही डॉक्टर यंत्र अजूनही वापरतात, पण तिथेही पुरावा भक्कम नाही. टोकांमध्ये मोठी फट असेल, हाड हलत असेल किंवा आत पू असेल, तर यंत्र काही करू शकत नाही. तिथे शस्त्रक्रियाच लागते.

म्हणून माझ्या मते आपल्या भागात यंत्राआधी दुसरेच प्रश्न विचारायला हवेत. पहिला, माणूस दवाखान्यात कधी पोचला? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तो अशाच तुटलेल्या मुलखात. दवाखाना गाठेपर्यंत गावात बांबूच्या कामट्या बांधून मोडलेला अवयव स्थिर करणं चुकीचं नाही, तो उत्तम प्रथमोपचार आहे. पण बांध करकचून आवळला की रक्त थांबतं आणि हातपाय सडायची पाळी येते. बोटं गार, काळीनिळी किंवा बधिर झाली, तर बांध त्याच क्षणी सैल करायला हवा. जखमेतून हाड दिसत असेल, तर त्यावर पाला किंवा लेप नको; स्वच्छ फडक्याने झाकून थेट रुग्णालय गाठायचं.

दुसरा प्रश्न खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि खर्र्याच्या पुडीतही तेच निकोटीन असतं. गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध शासन, टाटा ट्रस्ट आणि अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था यांनी २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू केला. कॅन्सरची भीती तिथे बोलली जातेच. मोडक्या हाडाचा हिशेबही बोलला जायला हवा. एकीकडे यंत्राचं भाडं भरायचं आणि दुसरीकडे तोंडात खर्रा धरायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

हाड जुळत नाही असं वाटलं, तर पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाड हलतंय का, आत पू आहे का, पायावर भार कधी टाकायचा, हे विचारा. खर्रा मात्र प्लॅस्टर चढेल त्याच दिवशी सोडा.