औषधाच्या चिठ्ठीपलीकडे

एकाकी वृद्धाची झोप उडते, रक्तदाब वाढतो आणि तो वारंवार दवाखान्याची पायरी चढतो. गोळीने रक्तदाब उतरतो; सोबत मात्र मिळत नाही. पूर्व लंडनमधील ब्रॉम्ली-बाय-बो या गरीब वस्तीत १९८४ साली एक लोककेंद्र सुरू झाले. १९९७ मध्ये तेथेच दवाखानाही आला. पुढे २०१९ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने असा दुवा साधणारे एक हजाराहून अधिक कार्यकर्ते नेमण्याचे ठरविले. डॉक्टरांनी पाठविलेल्या रुग्णाशी हा कार्यकर्ता निवांतपणे बोलतो, त्याची आवड जाणून घेतो आणि त्याला गायनवृंदाशी, बागकामाशी वा चित्रकलेच्या वर्गाशी जोडून देतो. हा उपाय औषधाला पर्याय नव्हे, पूरक होय. तथापि वस्तीत बाग वा गायनवृंदच उरला नसेल, तर ही चिठ्ठी निरर्थक ठरते.