खसखस, भांग आणि सोन्याची रेघ

‘फुकटचे पैसे दारूत जातात. आधी नशेची तपासणी करा, मग द्या!’ रायपूरच्या समता कॉलनीत ऐका नाहीतर नागपुरात, सूर तोच. छत्तीसगडमध्ये १० मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे दरमहा हजार रुपये सत्तर लाखांच्या आसपास महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले. अटी वयाच्या, लग्नाच्या, उत्पन्नाच्या आहेत, तपासणीची नाही. पण समजा, उद्या घातलीच ती अट, तर लघवीत बुडवायची ती इवलीशी पट्टी नेमकं काय सांगेल?

आधी पट्टीच्या पोटात शिरू. तिथे चक्क सोनं असतं! मिलिमीटरपेक्षा हजारो पट लहान असे सोन्याचे कण. आणि इतकं लहान झालं की सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. प्रत्येक कणाला प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, एकाच नशेचा रेणू ओळखणारी. पट्टीवर पुढे त्याच रेणूची एक अदृश्य रेघ आखून ठेवलेली असते. लघवी स्वच्छ असेल तर हे कण वाहत जाऊन रेघेला बिलगतात आणि रेघ लाल उमटते. लघवीत नशेचे रेणू असले तर? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशा प्रतिपिंडांच्या जागा ते आधीच धरून बसतात. मग रेघेला चिकटायला कोणी मोकळं उरतच नाही. म्हणजे गर्भचाचणीच्या नेमकं उलट: रेघ दिसली तर सुटलात, नाही दिसली तर अडकलात.

आणि नजर किती तीक्ष्ण! गांजासाठी नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. दहा लाख लिटर पाण्यात ५० ग्रॅम मिसळले, तरी पट्टीला कळेल.

पण आता दिवाळीच्या अनारशांवरच्या खसखशीकडे बघा. खसखस ज्या बोंडात पिकते, त्याच बोंडाला चिरे दिले की अफू मिळते. दाण्याच्या आत मॉर्फिन जवळजवळ नसतंच. बोंडाचा चीक दाण्याला बाहेरून लागतो. तेवढ्यानेही पट्टी फसते. अमेरिकेत खसखशीचा पाव खाणारे सरकारी कर्मचारी इतके अडकू लागले की १९९८ मध्ये अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा ३०० वरून थेट २००० नॅनोग्रॅम करावी लागली!

त्याहून मोठं नवल वेळेचं. गांजा-भांगेतला नशेचा रेणू चरबीत मुरतो आणि हळूहळू झिरपत राहतो. रोज घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात. भांगेच्या पानांना तर १९८५ चा अंमली पदार्थ कायदा ‘कॅनॅबिस’ मानतच नाही. या रेणूच्या उलट दारू बहुतेकदा दिवसभरात रक्तातून निघून जाते. म्हणजे होळीला भांगेची थंडाई प्यायलेली बाई काही दिवसांनीही सापडू शकते आणि परवा रात्री बाटली रिचवलेला सहीसलामत सुटतो. छत्तीसगडमध्ये २०१७ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी कंपनीच करते, म्हणजे मदत देणारं आणि दारू विकणारं सरकार एकच, हेही इथे आठवायला हवं.

आधी तपासणी, मग मदत हा प्रयोग खरोखर झाला आहे, अमेरिकेतल्या फ्लोरिडात. १ जुलै २०११ पासून गरीब कुटुंबांसाठीची मदत मागणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वखर्चाने तपासणी करावी लागे. उत्तीर्ण झालात तर पैसे परत. ४,०८६ जणांची तपासणी झाली. नापास किती? १०८. शंभरात तीनही नाहीत, आणि त्यातले बहुतेक गांजाचे. लुईस लेब्रॉन हा नौदलात सेवा केलेला, एकट्याने मुलगा वाढवणारा विद्यार्थी अडून बसला: मी नशा करत नाही, पण संशयाशिवाय तपासणीही देणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने सक्ती थांबवली, डिसेंबर २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तिला घटनाबाह्य ठरवलं. गरिबी हा संशयाचा पुरावा होत नाही, हे मला त्या निकालातलं सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडेही २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला आहे.

राहिला मूळ आरोप: पैसे दारूत जातात का? डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. थेट रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. काही ठिकाणी तर तो चक्क घटला होता!