उन्हाळ्यात पाण्याआधी पाचट

सांगलीच्या विश्रामबागेतल्या परसबागांना एप्रिल-मेमध्ये जास्त पाण्यापेक्षा झाकलेली माती हवी, असं माझं ठाम मत आहे. इथली काळी माती सुकताना आक्रसते, भेगाळते. भेगांतून खालची ओल उडते, बारीक मुळं तुटतात. उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंची थर ऊन अडवतो, आणि पाचटाला आपल्या जिल्ह्यात काय तोटा! वाळवीची शंका रास्त आहे. म्हणून खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. दुपारी मान टाकलेलं वांगं संध्याकाळी सावरलं, तर मुळाशी ओल आहे; लगेच पाणी नको. टोमॅटोची फुलगळ मात्र पाचटाने थांबणार नाही. पारा 35 अंशांपुढे राहिला की परागकण निकामी होऊ लागतात. तिथे दुपारपुरती शेडनेटच लावा.