हायनेक बेतताना

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले आणि पणत्या फडताळात गेल्या, की शिरूर-दौंडकडे थंडीची चाहूल लागते. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. आभाळ निरभ्र, हवा कोरडी. भर दुपारी सुती पोलके पुरते, आणि पहाटे मात्र दातावर दात वाजतात. दौंडच्या फलाटावर पहाटेची पुण्याची गाडी धरणाऱ्या मुली, किंवा शिरूरला रेल्वे नाही म्हणून एस.टी.ची वाट पाहणाऱ्या, जाड स्वेटर घालून निघतात आणि अकराच्या सुमारास तो पिशवीत कोंबतात. त्यांना खरे सोयीचे काय, तर अंगालगत बसणारा, लांब बाह्यांचा, उंच गळ्याचा होजिअरीचा हायनेक. वर ओढणी घ्या, शर्ट घाला, काही अडत नाही.

बाजारात तो मिळतो, नाही असे नाही. पण खांद्याला बसला तर पोटाशी पिशवीसारखा लोंबतो, आणि पोटाशी बसला तर बाही मनगटाच्या वर चार बोटे! ज्या घरात पायमशीन आहे त्या घरात हे का सोसावे?

शिवण या भागाला परकी नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा दिला. पुढे तेथे उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात विणकाम, छपाई आणि शिवण शिकवून त्यांना स्वतःच्या पायावर उभे केले. आज शिरूर काय, दौंड काय, ब्लाउज शिवून घराला हातभार लावणाऱ्या बायका आहेत. कटोरीचे ब्लाउज त्या डोळे मिटून कापतील. पण होजिअरी समोर आली की म्हणतात, “नको बाई, ते ताणते!”

भीती खरी आहे, कारण ते कापडच वेगळे. आपले नेहमीचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. ते ओढले तर फक्त उरेब ओढले जाते. होजिअरी म्हणजे फाशात फास अडकवून केलेली वीण, आपण दोन सुयांवर स्वेटर विणतो तशीच, फक्त यंत्रावर आणि फार बारीक. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ साली पायमोजे विणायचे पहिले यंत्र केले, तेव्हापासूनची ही विद्या. आपल्याकडे तिचे मोठे माहेर तमिळनाडूतले तिरुपूर. घरातला बनियन ताणून पाहा, म्हणजे सगळे कळेल. आणि हायनेकच्या गळ्याला जी रिब लागते ती म्हणजे दुसरे काही नाही, स्वेटरच्या काठाला आपण घालतो ते एक सुलट, एक उलट.

आता मुख्य गोष्ट. ब्लाउज बेतताना आपण मापात ढिलाई धरतो. छाती ३२ असली की कापड ३२ला कधी कापत नाही, श्वास घ्यायला जागा ठेवतो. अंगालगतच्या हायनेकला याच्या नेमके उलट करायचे. ३२च्या मापाला कापड शिवून २९ इंचच भरले पाहिजे! हात थरथरतो खरा. पण ३२ला कापलात तर पहिल्या धुण्यानंतर तो मोठ्या बहिणीचा वाटू लागेल.

किती कमी करायचे, हे कापडाला विचारावे. कापड आडवे धरून ४ इंचांवर दोन टाचण्या लावा आणि पट्टीवर ताणा. सहज ६ इंचांपर्यंत गेले आणि सोडताच परत आले, तर छातीला दहावा हिस्सा कमी करायला हरकत नाही. पाचच इंच झाले तर एखादाच इंच कमी करा. परत आलेच नाही, तर ते कापड हायनेकला घेऊच नये. त्याचा रात्रीचा सदरा करावा. उंचीत आणि बाहीच्या लांबीत मात्र काहीही कमी करायचे नाही, आणि दंडातही अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. जास्त ताण देणारी बाजू नेहमी अंगाभोवती यावी.

नमुन्यासाठी खांद्याला नीट बसणारा जुना टी-शर्ट वर्तमानपत्रावर पसरून आखून घ्यावा. टक्स नकोत. पुढचा गळा अडीच-तीन इंचच खोल. पोलकी कापायची सवय झालेला हात येथे फार खाली जातो, तेवढे जपावे.

आणि गळापट्टी! सगळा हायनेक येथे जमतो किंवा फसतो. समजा, कापलेल्या गळ्याचा घेर १६ इंच भरला. पट्टी १४ची घेतली तर मानेला छान बसेल. पण मुलीचे डोके २२ इंच आहे. निम्म्याने ताणणारी १४ची पट्टी २१वर थांबते, आणि हायनेक कानाशी अडकतो. तेव्हा एक तर पट्टी १५ची घ्या, म्हणजे ती साडेबावीसपर्यंत जाते. नाहीतर जास्त ताणणारी रिब आणा. जोडासाठी अर्धा-अर्धा इंच निराळा. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार सारखे भाग टाचणीने खुणावून मगच जोडावी, नाहीतर एका बाजूला चुण्या पडतात.

आता राहिले यंत्र. घरच्या काळ्या यंत्राची सरळ टीप ताणली की तटकन तुटते. बाजूच्या शिवणी आखूड टाक्याने, कापड हाताने किंचित ताणून धरत, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने मारल्या तर टिकतात. गळ्याची शिवण मात्र सरळ टिपेवर सोपवू नये. डोके आत-बाहेर होताना तिला १६ची २२ व्हावे लागते. त्यासाठी पिको-फॉलच्या दुकानात जावे. पिकोचे यंत्र नागमोडी टाका घालते आणि तो कापडाबरोबर ताणतो. खांद्याला उलट ताण नकोच, म्हणून तेथे आतून एक अरुंद सुती फीत धरून टीप मारावी. सुई गोल टोकाची, ११ नंबरची. टोकदार सुई फास तोडते आणि मग बनियनसारखी भोके पडत जातात.

कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून सावलीत पसरून वाळवावे. दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनाने लांबते.

नमुन्याचा कागद टाकू नका. त्यावर मुलीचे नाव, तारीख, मापे आणि त्या कापडाचे ४ इंचांचे किती इंच झाले होते, ते लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला मुलगी दोन बोटे वाढलेली असेल आणि कापडही दुसरे असेल. तेव्हा हा शेवटचा आकडा नसला, तर नुसता कागद हाती असून उपयोग नाही.